बँकेच्या ई-लिलावातील घर : पाहणीची सेवा आणि बोलीचे गणित

कर्ज थकल्यामुळे बँकांनी जप्त केलेली घरे ई-लिलावात मिळतात आणि ती बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त पडतात, असा समज आता चांगलाच रुजलेला आहे. त्यात तथ्य किती, हे अखेर बोली लावण्याआधी आपल्याला काय पाहायला मिळते आणि त्यावरून आपण आकडा कसा ठरवतो, यावर अवलंबून असते. सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेने डोंबिवली पूर्वेतील दोन सदनिका एकाच जाहीर सूचनेद्वारे विक्रीस काढल्या होत्या. मी त्या दोन्ही पाहायला गेले आणि त्यांपैकी एकीसाठी बोली लावली. त्या बँकेने दिलेली विक्रीची सूचना, घराची पाहणी, कागदपत्रांची उपलब्धता, प्रत्यक्ष लिलाव आणि हरलेल्या बोलीदाराच्या पैशांची परतफेड, या सर्वांचे हे परीक्षण आहे. बँकेचे नाव येथे देत नाही.

अशा विक्रीची चौकट २००२ च्या सरफेसी कायद्याने (थकलेल्या कर्जाचे तारण न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) आणि त्याच वर्षीच्या नियमांनी आखून दिलेली आहे. कर्जदाराला आधी ६० दिवसांची मागणी सूचना जाते, ती मुदत उलटल्यावर बँक तारण मालमत्तेचा ताबा घेते, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली घेतली जात नाही ती किंमत, ठरवते आणि मग दोन वर्तमानपत्रांत, ज्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते, विक्रीची सूचना छापते. पहिल्या लिलावासाठी किमान ३० दिवसांची सूचना लागते. तो फसला तर पुढच्या लिलावाला १५ दिवसांची पुरते. म्हणजे सूचना हाती पडल्यापासून बोलीच्या दिवसापर्यंत घर पाहणे, कागद तपासणे आणि पैशांची व्यवस्था करणे, हे सगळे याच मुदतीत उरकावे लागते. बँकेची सेवा चांगली की वाईट, हे माझ्या मते मुख्यतः या काळात ती किती माहिती हाती देते यावरच ठरवायला हवे.

त्या कसोटीवर ही सूचना कमी पडली. पहिल्या सदनिकेचे क्षेत्रफळ '६५० चौरस फूट' असे दिलेले होते. ते चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), बांधीव क्षेत्र की विकासकाच्या जाहिरातीतले सुपर बिल्ट-अप, याचा उल्लेखच नव्हता. नोंदणीकृत करारनाम्यात चटई क्षेत्र ४३१ चौरस फूट निघाले. ६५० वर चौरस फुटाचा दर काढून 'किती स्वस्त' असे म्हणणारा माणूस तिथेच फसतो. बोजाच्या, म्हणजे मालमत्तेवरील इतर देण्यांच्या, रकान्यात 'बँकेला ज्ञात नाही' एवढेच लिहिलेले होते. नियमानुसार बँकेने तिला माहीत असलेले बोजे जाहीर करायचे असतात, त्यामुळे जिने सोसायटीला कधी विचारलेच नाही त्या बँकेचे हे उत्तर खोटे ठरत नाही, पण घेणाऱ्याच्या ते काही उपयोगाचेही नसते. त्याखाली नेहमीचे 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे' हे तत्त्व छापलेले होतेच. या ओळीकडे औपचारिकता म्हणून दुर्लक्ष करू नये. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, विजेचे बिल, गळती, बेकायदा फेरबदल, हे सगळे त्या एका ओळीने घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये विजेच्या थकबाकीसंबंधी दिलेल्या निकालातही, लिलावात घेतलेल्या जागेच्या जुन्या थकबाकीतून घेणाऱ्याची आपोआप सुटका होत नाही, हेच स्पष्ट झाले.

सूचनेतील एक गोष्ट मात्र कामाची होती आणि ती सहसा नजरेतून निसटते. ताबा 'प्रत्यक्ष' (रिकामे घर बँकेच्या कुलपात) आहे की 'प्रतीकात्मक' (फक्त कागदावर), हे दोन्ही सदनिकांपुढे स्पष्ट लिहिलेले होते. पहिल्या सदनिकेची आधीची सूचना शोधून काढल्यावर असे दिसले की मागच्या लिलावात राखीव किंमत ४९ लाख होती, बोलीच आली नव्हती, आणि आता ती १० टक्क्यांनी उतरवून ४४ लाख १० हजार केली होती. घर एकदा विकले गेले नाही याची कारणे असतात, आणि पाहणीला जाताना ती शोधायलाच जावे.

पाहणीसाठी एका दिवशीचे दोन तास ठेवलेले होते. बँकेचे वसुली विभागातील अधिकारी किल्ल्या, पंचनाम्याची प्रत आणि नवे सील घेऊन वेळेवर आले, हे नमूद करायला हवे. घर उघडून दाखवायचे आणि पुन्हा सील करायचे, एवढेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी सौजन्याने केले. घराबद्दल त्यांना काहीही ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. "मॅडम, आमच्याकडे जेवढे कागद आहेत तेवढे शाखेत येऊन पाहा, त्याच्या पलीकडचे मला विचारू नका," असे त्यांनी दारातच सांगून टाकले. गोड बोलून घर गळ्यात मारणाऱ्या दलालापेक्षा मला हा कोरडेपणा परवडला.

वीजमीटर काढून नेलेला असल्यामुळे आत अंधार होता. विजेरी, लेसर मापक आणि एक नाणे घेऊन गेले होते म्हणून निभावले. खोल्यांची मापे घेताना अधिकाऱ्यांनीच भिंतीशी वही धरून उभे राहण्याची मदत केली, आणि बेरीज करारनाम्यातल्या ४३१ शी जवळपास जुळली. बाल्कनी मात्र बैठकीच्या खोलीत मिसळून टाकलेली होती, मधली भिंत पाडलेली होती, आणि मंजूर नकाशात ती भिंत आहे. फरशीवर नाण्याने वाजवत गेल्यावर स्वयंपाकघरातील ओट्याजवळच्या पाच-सहा लाद्या पोकळ वाजल्या. खिडकीखालच्या भिंतीवर क्षार फुटून रंगाचे पापुद्रे सुटलेले होते. पश्चिमेकडची भिंत असल्याने ते पावसाचे पाणी असणार, आणि बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती ही सोसायटीची जबाबदारी असते, म्हणून त्याची मी फारशी चिंता केली नाही. न्हाणीघराचे छत पाहण्यात वेळ घालवला. तिथे गिलावा पडलेला नव्हता, गंजलेली सळई दिसत नव्हती, विजेरीच्या तिरप्या उजेडात ओल्याचा डागही नव्हता. वरच्या घरात माणसे राहत होती आणि नळ चालू होते, तरी छत कोरडे होते. म्हणजे वरच्या घराची बाजू ठीक होती.

मात्र आपल्या न्हाणीघराची जमीन कशी आहे, हे आपल्या घरात उभे राहून कळत नाही. बंद घरात पाणीच वापरलेले नसते, त्यामुळे सगळे कोरडे आणि निर्दोष दिसते. त्यासाठी खालच्या मजल्यावर जाणे भाग होते. खालच्या घरातील काकूंनी आढेवेढे न घेता आत बोलावले आणि स्वतःच न्हाणीघराकडे बोट दाखवले. छतावर पिवळट वर्तुळे होती, एका कोपऱ्यात पोपडे सुटून कडेच्या सळईचा गंज दिसत होता, पण ओल नव्हती. "वरती सील लागलं आणि टपकायचं थांबलं बघा, त्याआधी दोन पावसाळे आम्ही बादली ठेवत होतो," असे त्या म्हणाल्या. या एका वाक्याने गळतीचे मूळ कळले. पाणी पावसाचे किंवा बाहेरच्या नळाचे असते तर घर बंद झाल्याने ते थांबले नसते. ते याच सदनिकेच्या न्हाणीघरातून झिरपत होते आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार अशा अंतर्गत गळतीची दुरुस्ती त्या सदनिकाधारकाने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे जमीन उखडून जलरोधक थर नव्याने घालणे, नळ बदलणे, आणि खालच्या घराचे छत दुरुस्त करून देणे, हे सगळे घेणाऱ्याच्या माथी येणार. बँकेच्या दोन तासांच्या पाहणीतून हे कधीच निघाले नसते. लिलावातील घर पाहायला जाणाऱ्याने खालच्या घराचे दार वाजवल्याशिवाय परतू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सोसायटीच्या कार्यालयातला अनुभव संमिश्र होता. सचिवांनी थकबाकीचा आकडा तोंडी सांगितला, पण लेखी देण्यास नकार दिला. मालकाने किंवा बँकेने मागितले तरच देऊ, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते नियमाला धरूनच होते. मी बँकेला ई-मेल करून सोसायटीकडून लेखी आकडा मागवण्याची विनंती केली, दोनदा आठवण केली, आणि लिलावाच्या अगदी तोंडावर उत्तर आले : एकूण ३ लाख १५ हजार, त्यात निम्म्याहून अधिक व्याज. सोसायट्या थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावत आल्या आहेत, त्यामुळे नऊ-दहा वर्षे मेंटेनन्स थकला की मुद्दल आणि व्याज खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सर्वसाधारण सभेत व्याजात सूट मिळण्याची शक्यता असते; पण त्या सुटीच्या आशेवर बोली वाढवू नये. ज्या बँकेने महिनोन्महिने घर ताब्यात ठेवले तिने हा आकडा सूचनेतच छापायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेले नाही. या सबंध सेवेतील माझी सर्वांत मोठी तक्रार तीच आहे. याच भेटीत इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवालही पाहून घेतला. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी अशी तपासणी उपविधींत सांगितलेली आहे. अहवालात खांबांची किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती आणि ती झालेली होती.

कागदांच्या बाबतीत डोंबिवलीत एक वाढीव काळजी घ्यावी लागते. बनावट परवानग्या आणि त्यांच्या आधारे मिळवलेली महारेरा नोंदणी दाखवून बांधलेल्या ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले, ते याच कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतले प्रकरण आहे. बँकेने एकदा कर्ज दिले होते म्हणजे कागद शुद्धच असणार, हे गृहीतक अशा प्रकरणांनंतर टिकत नाही. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचे क्रमांक घेऊन ते महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळले, आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, म्हणजे अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, हेही पाहिले. करारनाम्यांची साखळी आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र बँकेच्या शाखेत वाचायला मिळाले. प्रती दिल्या नाहीत, पण टिपणे काढू दिली. मूल्यांकन अहवाल मात्र मागूनही दाखवला नाही.

दुसऱ्या सदनिकेची पाहणी थोडक्यात सांगता येते, कारण ती जिन्यातच झाली. ताबा प्रतीकात्मक होता, म्हणजे दारावर सूचना चिकटवलेली होती आणि आत कर्जदाराचे कुटुंब राहत होते. अधिकाऱ्यांनी घंटी वाजवली, कोणी दार उघडले नाही, आणि आम्ही खाली उतरलो. अशा घराचा प्रत्यक्ष ताबा मिळवायला बँकेला सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवसांची, आणि कारणे नोंदवून एकूण ६० दिवसांची मुदत आहे, पण आदेश निघणे आणि तहसीलदारांनी पोलीस बंदोबस्तात जागा रिकामी करून देणे यांत पुष्कळ अंतर पडते. आत भाडेकरू असल्याचे निघाले तर गुंता आणखी वाढतो. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे. नोंदणीकृत करार न दाखवता कुळ असल्याचा नुसता दावा करणाऱ्याला तसे संरक्षण सहज मिळत नाही, हे २०१९ च्या निकालाने त्यापुढे स्पष्ट केले. घेणाऱ्याने हे निकाल वाचावेत, पण मुळात ते वाचण्याची वेळ येईल अशा घरासाठी बोली लावायची का, हा प्रश्न आधी सोडवावा. दुसऱ्या सदनिकेची राखीव किंमत पहिलीपेक्षा कमी होती. तरीही जे घर आतून पाहिलेच नाही आणि ज्याची किल्ली कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नाही, त्याची किंमत मला काढता येईना, म्हणून मी ते सोडून दिले. त्या कुटुंबाशी आपले भांडण सुरू होण्याच्या कल्पनेचाही त्यात वाटा होता, हे मान्य करते.

आता आकडा. राखीव किमतीपासून सुरुवात करून 'आणखी किती वर जाऊ' असा विचार केला की माणूस वाहवत जातो, म्हणून मी उलटीकडून आले. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या पुनर्विक्रीच्या अनुक्रमणिका-२ (नोंदलेल्या व्यवहाराचे सरकारी उतारे) काढल्या. त्याच क्षेत्रफळाच्या दोन सदनिका ५८ लाख आणि ६१ लाखांना गेल्या होत्या. जाहिरातींतले भाव मी विचारातच घेतले नाहीत, कारण ते मागणीचे भाव असतात, व्यवहाराचे नव्हे. दोहोंपैकी कमी, म्हणजे ५८ लाख, हा पाया धरला. त्यातून सोसायटीचे ३ लाख १५ हजार, मालमत्ता कराचे ४५ हजार आणि वीजजोडणी व जुन्या बिलासाठी ३० हजार वजा केले. दुरुस्तीला, खालच्या घराचे छत आणि बाल्कनीची भिंत पूर्ववत करणे धरून, साडेचार लाख ठेवले. पैसे भरल्यापासून घर राहण्याजोगे होईपर्यंत सुमारे तीन महिने जातील असे मानून त्या काळातील व्याजापोटी १ लाख १० हजार धरले. शेवटी, कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात गेला आणि स्थगिती आली तर पैसे अडकतील, या जोखमीसाठी पायाभूत किमतीच्या ५ टक्के, म्हणजे २ लाख ९० हजार काढले. राहिले ४५ लाख ६० हजार. बाजारात घर घेताना दलालीचा जो साधारण एक टक्का द्यावा लागला असता तो इथे वाचतो, म्हणून ५८ हजार परत मिळवले, आणि ४६ लाख १८ हजारांवर येऊन थांबले.

म्हणजे ५८ लाखांचे घर ४४ लाख १० हजारांत, असा जो जवळपास १४ लाखांचा फायदा सूचनेवर दिसत होता, तो प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास होता. मागच्या वेळी ४९ लाखांना कोणी का फिरकले नाही, याचे उत्तरही याच वजाबाकीत होते.

जोखमीचे ते ५ टक्के कोणाला जास्त वाटतील. कर्ज फेडून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क विक्रीची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, हे सरफेसीतली २०१६ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२३ चा निकाल यांनी बोलीदाराच्या बाजूने पक्के केले आहे, ही गोष्ट खरी. परंतु सूचना नियमाप्रमाणे दिली नाही किंवा मूल्यांकन चुकले, अशा कारणांसाठी कलम १७ खाली ४५ दिवसांत अर्ज करण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो, आणि अशा अर्जात बोलीदाराचा काही दोष नसताना त्याचे पैसे थांबतात. सरकारी कराच्या थकबाकीचा प्रश्नही तपासावा. नोंदणीकृत तारण असलेल्या बँकेचा हक्क सामान्यतः त्याच्या आधी येतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये दिला असला, तरी बँकांना हा अग्रक्रम देणारी तरतूद लागू होण्याआधीची, म्हणजे २४ जानेवारी २०२० पूर्वीची, कर खात्याची जप्ती असेल तर प्रकरण वेगळे होऊ शकते, म्हणून तेवढे वकिलांना दाखवून घेतले.

मुद्रांक शुल्क मी वजाबाकीत घेतले नाही, कारण घर कुठूनही घेतले तरी ते भरावेच लागते. या भागात ते साधारण ७ टक्के पडते, निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का कमी, आणि नोंदणी शुल्क कमाल ३० हजार. कराची एक बाब मात्र लक्षात ठेवावी : बोली ५० लाखांच्या आत असली तरी शासकीय (रेडी रेकनरच्या दराने येणारे) मूल्य त्याहून अधिक असेल तर एक टक्का कर कापून भरावा लागतो, आणि शासकीय मूल्य व बोली यांत १० टक्क्यांहून अधिक फरक पडला तर तो फरक घेणाऱ्याचे उत्पन्न म्हणून गणला जाण्याचा वाद उभा राहू शकतो. रेडी रेकनरचा दर पाहून, सनदी लेखापालाला विचारून मगच बोली लावावी.

मर्यादा ठरवण्याइतकेच ती पाळण्याची तयारी महत्त्वाची आहे, कारण जिंकल्यावर माघार घेणे फार महागात पडते. राखीव किमतीच्या १० टक्के इसारा रक्कम (अनामत) आधीच भरलेली असते. जिंकल्यास त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी ती धरून बोलीचे २५ टक्के पूर्ण करावे लागतात, आणि विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ७५ टक्के. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी ती एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही. माझ्या बाबतीत ४६ लाख १० हजारांना घर मिळाले असते, तर इसाऱ्याचे ४ लाख ४१ हजार वजा जाता ७ लाख ११ हजार ५०० रुपये दुसऱ्याच दिवशी लागले असते. मुदतीत पैसे न भरल्यास भरलेली संपूर्ण २५ टक्के रक्कम जप्त होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले आहे. बँकेचे प्रत्यक्ष नुकसान किती झाले हा मुद्दा तिथे चालत नाही. गृहकर्जावर विसंबणाऱ्याने लिलावातील घरासाठीच, त्या घराचे कागद दाखवून, आधी मंजुरी घेतली नसेल तर बोलीच लावू नये.

आणखी एक विचार बोलीदारांच्या संख्येविषयी. १९७१ साली अमेरिकेतील एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून असे दाखवले होते, की जिथे वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते, तिथे जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज वरच्या बाजूने सर्वांत जास्त चुकलेला आहे, आणि म्हणून बोलीदार वाढले की शहाण्याने आपली बोली वाढवण्याऐवजी थोडी उतरवावी. आपण नेमके उलटे करतो. पडद्यावर बोली सरकताना दिसल्या की 'इतक्या जणांना हवे आहे म्हणजे चांगलेच असणार' असे वाटू लागते. ते इतके जण खालच्या काकूंकडे जाऊन आले आहेत की नाहीत, हे आपल्याला माहीत नसते.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या अशा मालमत्ता जानेवारी २०२५ पासून 'बँकनेट' या एकत्रित संकेतस्थळावर येतात, त्यामुळे बँकागणिक वेगवेगळ्या ठिकाणी नोंदणी करण्याचा जुना त्रास बराच कमी झाला आहे. नोंदणी आणि ओळखपडताळणी बोलीच्या बऱ्याच आधी उरकून ठेवावी, इसारा रक्कमही शेवटच्या दिवसावर टाकू नये. लिलाव सुरळीत पार पडला. बोली वाढवण्याचा टप्पा २५ हजारांचा होता आणि शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढत होती. या सोयीमुळे अखेरच्या क्षणी झडप घालण्याचा डाव निरर्थक ठरतो, म्हणून मी उगाच वाट न पाहता टप्प्याटप्प्याने वाढवत गेले. टप्प्यांच्या हिशेबात माझ्या मर्यादेच्या आत बसणारा शेवटचा आकडा ४६ लाख १० हजार होता. तो मी लावला, काही सेकंदांत त्यावर दुसरी बोली आली आणि मी थांबले. घर अखेर ४७ लाख ८५ हजारांना गेले. ज्यांनी घेतले त्यांचे गणित माझ्यापेक्षा वेगळे असू शकते. दुरुस्ती स्वतः करून घेणाऱ्या ठेकेदाराला तेवढी किंमत परवडतही असेल.

इसारा रक्कम परत मिळवण्यासाठी मला बँकेत एकही फेरी मारावी लागली नाही. ती लिलावानंतर आधी पोर्टलवरील खात्यात मोकळी झाली आणि तिथून मागणी केल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या बचत खात्यात आली, अर्थात व्याजाविना. पैसे परत करण्याची ही बाजू मला पूर्णपणे समाधानकारक वाटली. सूचना आणि कागदपत्रे यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, म्हणून क्षेत्रफळाचा प्रकार आणि सोसायटीची थकबाकी या दोन गोष्टी प्रत्येक सूचनेत छापाव्यात, असे पत्र मी त्या बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना पाठवले आहे. त्याची पोच आलेली आहे, उत्तर अजून नाही.